डग्गा कुठे गेला? ५.१ संचात बसवलेल्या स्टीरिओ डॅकचं प्रकरण

"सगळं वाजतंय, फक्त डग्गा वाजत नाही. सवड झाली की येऊन जा." काकांचा एवढाच फोन. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, पण नोकरीत असतानाही त्यांचा जीव गाण्यातच होता. बारा वर्षं रीतसर शिकलेले, घरात मिरजेचा तंबोरा, शिवाय तीनेकशे सीडी. असा माणूस डग्गा वाजत नाही म्हणतो तेव्हा त्याला नेमकं काहीतरी कमी ऐकू येत असतं, असं धरूनच मी मीटर आणि मापायचा माइक पिशवीत टाकला आणि कोथरूड गाठलं.

त्यांचा हॉल १४ फूट लांब, साडेदहा फूट रुंद. एका आखूड भिंतीवर टीव्ही, समोरच्या भिंतीला टेकून सोफा. टीव्हीखाली ५.१चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा सहांना आवाज वाटून देणारा रिसीव्हर, त्याच्या दोन बाजूंना बुकशेल्फ स्पीकर, मधोमध सेंटर, सोफ्याच्या वर भिंतीवर दोन सराउंड आणि कोपऱ्यात फक्त खालचे स्वर वाजवणारा सबवूफर. हा संच त्यांच्या मुलाने सिनेमासाठी घेतला होता. टीव्ही एचडीएमआयच्या एआरसी सोयीने रिसीव्हरला जोडलेला, सीडी प्लेअर लाल-पांढऱ्या तारेने. चार वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती.

मग काकांना कुणीतरी सांगितलं की रिसीव्हरच्या आतला डॅक, म्हणजे डिजिटल आकड्यांचा व्होल्टेज करणारा भाग, सिनेमापुरता ठीक, गाण्यासाठी वेगळा स्टीरिओ डॅक घ्यायलाच हवा. काकांनी तो घेतला. बसवून देणाऱ्या माणसाने सगळंच डॅकमधून फिरवलं. सीडी प्लेअरची कोअॅक्सियल तार डॅकला, टीव्हीची ऑप्टिकल तारही डॅकला (दोन्ही आकडे नेणाऱ्या डिजिटल तारा), आणि डॅकमधून निघालेली लाल-पांढरी तार रिसीव्हरच्या 'सीडी' इनपुटला. जाताना रिमोटवरचं 'प्युअर डायरेक्ट' बटण दाखवून तो सांगून गेला की गाणं ऐकायचं ते यावरच.

मी पोचलो तेव्हा मुलगाही घरी होता आणि त्याची तक्रार निराळी होती. काही सिनेमांना आवाजच येत नव्हता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये खटपट करून त्याने आवाज आणला, पण आधी पाऊस मागच्या भिंतीवरून ऐकू यायचा, तो आता समोर पडत होता. दोन तक्रारी, एकच पेटी. कारणं मात्र दोन होती.

मुलाची तक्रार सोपी होती, तीच आधी घेतली. सीडीच्या आवाजाचा हिशेब असा: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, वाहिन्या दोन, डावी आणि उजवी. गुणाकार केला की सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. ऑप्टिकल आणि कोअॅक्सियल तारांची ही पद्धत सोनी आणि फिलिप्सने ठरवली ती याच मापाच्या कामासाठी. दोन वाहिन्यांचा साधा, न दाबलेला आवाज ती आरामात वाहून नेते. सहा वाहिन्यांचा न दाबलेला आवाज तीत मावत नाही, म्हणून सिनेमाचा ५.१ आवाज दाबून, पुडी बांधून पाठवतात. डीव्हीडीवरच्या डॉल्बी डिजिटलची अशी पुडी सेकंदाला जास्तीत जास्त ४४८ किलोबिटांची असते. ती सोडवायला डिकोडर लागतो. रिसीव्हरमध्ये तो असतो. स्टीरिओ डॅकमध्ये नसतो, कारण त्याचं काम वेगळं: दोन वाहिन्यांचे आकडे घ्यायचे आणि त्यांचा व्होल्टेज करायचा. त्याच्यापुढे बांधलेली पुडी ठेवली की तो गप्प बसतो, किंवा खरखर करतो.

मुलाने टीव्हीचं सेटिंग 'पीसीएम'वर, म्हणजे न दाबलेल्या आवाजावर नेलं तेव्हा टीव्हीने स्वतःच पुडी सोडवली, पाच वाहिन्या दोनांत कालवल्या आणि त्या दोन डॅकला दिल्या. पुढे रिसीव्हरने त्या दोनांतून अंदाजाने पुन्हा पाच केल्या. सराउंड स्पीकर वाजत होते, पण ध्वनिमुद्रकाने त्यांच्यासाठी ठेवलेला पाऊस टीव्हीतच समोरच्या आवाजात मिसळून गेला होता. एकदा कालवलेलं पुन्हा तसंच वेगळं होत नाही. टीव्ही परत एआरसीवर, म्हणजे थेट रिसीव्हरला जोडला आणि पाच मिनिटांत पाऊस मागे गेला.

"मग तीन डॅक घेतले तर? दोन-दोन वाहिन्या वाटून?" मुलाने विचारलं. प्रश्न रास्त आहे, मला तो अनेकांनी विचारलाय. पण त्यासाठी आधी सहा वाहिन्या सुट्या व्हायला हव्यात, आणि त्या होतात रिसीव्हरच्या पोटात. तिथून त्या आकड्यांच्या रूपात बाहेर काढायची सोय घरगुती रिसीव्हरला नसते. कशीबशी काढली तरी तीन डॅकांची घड्याळं तीन. प्रत्येकाचा उशीर थोडा वेगळा, आणि आवाज एका मिलिसेकंदात ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाचा फरक पडला तरी स्पीकर फूटभर सरकवल्यासारखं होतं. त्यात सहाही वाहिन्यांचा आवाज एकाच चकतीने कमी-जास्त करायचा कसा, हा प्रश्न राहतोच. ज्याला खरंच हा रस्ता धरायचाय त्याने संगणक हाच स्रोत ठेवावा आणि आठ आउटपुट असलेला एकच ऑडिओ इंटरफेस घ्यावा. घड्याळ एक, पेटी एक. काकांच्या घरात संगणकावर सिनेमा लावायला कोणी बसणार नव्हतं, तेव्हा तो विषय तिथेच सोडला.

आता डग्गा.

मी आवाजाची वाट कागदावर काढली. सीडी प्लेअरमधून आकडे निघतात. डॅक त्यांचा व्होल्टेज करतो. तो व्होल्टेज रिसीव्हरच्या अॅनालॉग इनपुटला जातो. काकांची समजूत होती की तिथून तो सरळ अँप्लिफायरला आणि स्पीकरला पोचतो. तसं होत नाही. सबवूफरला खालचे स्वर वेगळे काढून देणं, स्पीकरांच्या अंतराप्रमाणे उशीर लावणं, खोलीप्रमाणे आवाज सुधारणं, ही कामं आजचा रिसीव्हर आकड्यांवर करतो. म्हणून अॅनालॉग इनपुटला आलेल्या आवाजाचे तो आधी पुन्हा आकडे करतो, त्यावर काम करतो आणि शेवटी स्वतःच्या डॅकने पुन्हा व्होल्टेज करतो. हौसेने घेतलेल्या डॅकचं काम अशा वेळी वाटेतल्या एका थांब्यापुरतं उरतं. शेवटचा हात रिसीव्हरच्याच डॅकचा.

तुमच्या घरचा रिसीव्हर असं करतो का, हे पुस्तिका न उघडता कळतं. अॅनालॉग इनपुटवर गाणं लावा आणि मेनूत एका स्पीकरचं अंतर तीन मीटरचं सहा मीटर करा. गायक बाजूला सरकला तर आकडे झालेत, हे नक्की. काकांकडे तो सरकला.

'प्युअर डायरेक्ट' दाबलं की हे सगळं टळतं. अॅनालॉग आवाज आकड्यांत न जाता थेट आवाजाच्या चकतीकडे आणि पुढे जातो. तेव्हाच नव्या डॅकचा आवाज खऱ्या अर्थाने स्पीकरपर्यंत पोचतो. बसवणारा चुकीचं बोलला नव्हता. पण त्या बटणासरशी सबवूफर बंद होतो आणि खोलीची सुधारणाही बंद होते, हे त्याने सांगितलं नाही. काकांचे बुकशेल्फ स्पीकर सव्वापाच इंची वूफरचे, कागदावर ६० हर्ट्झपर्यंत. याचा अर्थ तिथे पोचेपर्यंत आवाज बराच पडलेला असतो.

त्यांनी एक विलंबित ख्याल लावला, पुरुष गायक, काळी एकची पट्टी. "ऐक. घिस्सा घेतला की डग्गा नको इतका फुगतो. हात सैल सोडला की विरतो. तबलजी असं वाजवत नाही." मी सोफ्यावर डोक्याच्या उंचीला माइक धरून मोजलं. त्या ध्वनिमुद्रणात डग्ग्याचा खुला नाद ६५ हर्ट्झच्या आसपास होता, घिस्स्यात मनगट दाबून सरकवलं की ८०च्या पुढे चढत होता. आणि सोफ्याच्या जागी नेमका ८०ला उंचवटा, ६५ला उतार.

उंचवटा खोलीचा होता. १४ फूट म्हणजे ४.२७ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर या लांबीत पहिली स्थिर लाट, म्हणजे समोरासमोरच्या भिंतींत जागीच घुमणारी लाट, ४० हर्ट्झला उभी राहते, दुसरी ८०ला. भिंतीला लागून अशा लाटांचा जोर सर्वात जास्त असतो, आणि काकांचा सोफा भिंतीला टेकलेला. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये सोफा दुसरीकडे ठेवायला जागा कुठे असते? उतार स्पीकरचा होता. दोन्ही मिळून डग्ग्याची मींड मध्येच फुगायची आणि खाली उतरताना नाहीशी व्हायची. काकांनी कानाने जे सांगितलं, तेच माइकने रेघेत काढून दाखवलं.

इथे मला स्वतःला एक गोष्ट खटकली होती आणि तिचं उत्तर शोधताना मजा आली. काळी एकचा षड्ज १३८.६ हर्ट्झ. तंबोऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३. म्हणजे डग्गा ज्या भागात हरवला, खर्जही त्याच भागातला. मग काकांनी तंबोऱ्याबद्दल चकार शब्द का काढला नाही? त्यांनी कोपऱ्यातला तंबोरा काढला, मिळवला आणि सोफ्यावरच बसून छेडला. मी मोजलं. खर्जाच्या तारेत ६९चा मूळ स्वर अगदी क्षीण होता, जोर सगळा वर, १३८, २०८, २७७ आणि त्याही पलीकडे. जवारीचं हेच तर काम. घोडीवरचा सपाट उतार आणि तारेखालचा दोरा मिळून ताकद वरच्या स्वरांशांत, म्हणजे मूळ स्वरासोबत निघणाऱ्या वरच्या स्वरांत पसरवतात. त्या स्वरांशांमधलं अंतर दर वेळी ६९, आणि कान त्या अंतरावरून मूळ स्वर मनात भरून घेतो. स्पीकरने ६९ दिला नाही तरी खर्ज ऐकू येतो.

डग्ग्याचं तसं नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली दाखवून दिलं की मृदंग-तबल्याच्या शाईमुळे चामड्याच्या पुडीचे वरचे स्वरांश सुरेल रांगेत येतात. पण ती किमया मधोमध बसलेल्या शाईची. डग्ग्याची शाई कडेला सरकलेली असते, वरचे स्वरांश तितके रांगेत नसतात, आणि खुल्या घुमाऱ्याची बरीचशी ताकद मूळ स्वरातच असते. तो स्वर स्पीकरने गाळला की कानाला भरून काढायला काही उरत नाही. म्हणून तंबोरा शाबूत आणि डग्गा गायब. काका म्हणाले, "म्हणजे माझा कान बरोबर होता." होताच.

आता प्रश्न उरला तो डॅकचा. रिसीव्हरची सगळी कामं चालू ठेवून, सीडी थेट डिजिटल तारेने रिसीव्हरला दिली आणि तीच डॅकमधून फिरवून दिली, तर फरक ऐकू येतो का? काकांचं म्हणणं होतं की डॅकमधून आवाज "उघडा" येतो. प्लेअरला कोअॅक्सियल आणि ऑप्टिकल दोन्ही आउटपुट होते, त्यामुळे एक डॅकला, एक रिसीव्हरला, असं दोन्हीकडे एकाच वेळी गाणं देता आलं. पण आधी ४०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मीटर धरला. थेट वाटेने २ व्होल्ट, डॅकच्या वाटेने २.३५. हा १.४ डेसिबलचा फरक आहे. एवढासा जास्त आवाज कानाला मोठा म्हणून जाणवत नाही, जास्त स्वच्छ, जास्त मोकळा म्हणून जाणवतो. डॅकच्या खरेदीत फसगत होते ती बहुतेक इथेच, दुकानातही आणि घरातही. दोन्ही वाटा मीटरवर दोन शतांश व्होल्टच्या आत जुळवल्या.

मग काका टीव्हीकडे पाठ करून बसले. मी नाणं उडवून वाट निवडायचो, मध्ये काही सेकंद आवाज बंद ठेवायचो, म्हणजे बदलाच्या टकटकीवरून ओळख पटायला नको. बारा फेऱ्या. काकांनी सात बरोबर सांगितल्या. बारा वेळा नुसतं नाणं उडवून सात किंवा त्याहून जास्त बरोबर यायची शक्यता शंभरात ३९ आहे, म्हणजे यातून काही सिद्ध होत नाही. मी स्वतः सहाच ओळखल्या. मग हीच चाचणी 'प्युअर डायरेक्ट' विरुद्ध सुधारणा-चालू अशी केली. दुसऱ्या फेरीनंतर काकांनी हात वर करून थांबवलं. पहिल्याच आवर्तनात कळत होतं, पुढे मोजायची गरज नव्हती.

यावरून डॅक वाईट ठरत नाही. तो चांगलाच आहे, आणि आकडे-व्होल्टेज-आकडे-व्होल्टेज या जादा फेऱ्यांनीही ऐकू येण्याजोगं नुकसान केलं नव्हतं, हे मी आधी मानायला तयार नव्हतो. त्या जागी तो निरुपयोगी होता, इतकंच. आणि त्याचा उपयोग व्हावा म्हणून जे बटण दाबायचं, ते त्या खोलीत डॅकच्या गुणापेक्षा कितीतरी मोठं काहीतरी काढून घेत होतं.

काका मात्र सहजी सोडणारे नव्हते. माळ्यावर त्यांचा जुना स्टीरिओ अँप्लिफायर होता. डॅक त्याला, तो स्पीकरला, आणि सिनेमाच्या वेळी रिसीव्हर त्याच स्पीकरला, असं का नको? याचा एक प्रशस्त मार्ग आहे. रिसीव्हरला पुढच्या दोन वाहिन्यांचे प्रीआउट, म्हणजे दुसऱ्या अँप्लिफायरला आवाज द्यायचे आउटपुट हवेत आणि स्टीरिओ अँप्लिफायरला होम थिएटर बायपास, म्हणजे तो आवाज स्वतःची चकती न लावता पुढे सोडायची सोय. मग सिनेमात रिसीव्हर त्या अँप्लिफायरमार्फत पुढचे स्पीकर चालवतो, गाण्यात रिसीव्हर बंद ठेवला तरी चालतं. दणकट, पूर्ण पट्टी वाजवणारे पुढचे स्पीकर असलेल्या माणसाला मी आजही हीच जोडणी सुचवेन, स्टीरिओ डॅकची खरी जागा तिथे आहे. काकांच्या रिसीव्हरला प्रीआउट होता तो एकट्या सबवूफरचा, स्वस्त रिसीव्हरांना बहुधा तेवढाच असतो. मुलाने दोन्ही अँप्लिफायरच्या तारा एकाच स्पीकरला लावून बघू म्हटलं, तेव्हा मी जरा आवाज चढवूनच नको म्हटलं. एका अँप्लिफायरचा आउटपुट दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरतो आणि एक तरी जळतो. दोघांना पूर्ण वेगळं ठेवणारा स्विच मध्ये असल्याशिवाय हे कधीही करू नये.

संध्याकाळपर्यंत जोडणी अशी झाली. सीडी प्लेअर ऑप्टिकल तारेने थेट रिसीव्हरला, टीव्ही एआरसीने, खोलीची सुधारणा माइक ठेवून नव्याने केलेली, पुढचे स्पीकर मेनूत 'स्मॉल' आणि ८० हर्ट्झखालचं सगळं सबवूफरकडे. 'स्मॉल' या शब्दाने काका दुखावले. स्पीकरच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही, खालचे स्वर दुसऱ्याकडे सोपव एवढाच त्याचा अर्थ, हे दोनदा सांगावं लागलं. सोफा दीड फूट पुढे घेतला आणि ८०चा उंचवटा सुधारणेआधीच खाली आला. काकू म्हणाल्या, आता मागून झाडता तरी येईल.

मुलाच्या संगणकावर काही ९६ किलोहर्ट्झच्या फाइली होत्या. सुधारणा चालू असताना हा रिसीव्हर त्या ४८वर उतरवतो, काकांना ते पटत नव्हतं. ४८मध्ये २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो, माणसाचा तरुण कान २०पर्यंत पोचतो. मी तोच ख्याल परत लावला. मध्यलयीत डग्ग्याने लांब मींड घेतली, ती न फुगता खाली गेली आणि समेवर आली. काकांनी मांडीवर हात ठेवला. फाइलींचा विषय परत निघाला नाही.

डॅक आतल्या खोलीत गेला. काका पहाटे पाचला उठतात, तेव्हा हॉलमध्ये काही लावता येत नाही. डॅकला हेडफोनचा आउटपुट आहेच. जुना लॅपटॉप, डॅक, हेडफोन, आणि मध्ये ना खोली, ना रिसीव्हर, ना सबवूफर. तिथे शेवटचा हात त्याचाच आहे. आता भैरव आणि ललत ते तिथेच ऐकतात, आणि तंबोऱ्याची जवारी तिथे जितकी सुटी ऐकू येते तितकी हॉलमध्ये येत नाही, असं सांगतात. ते मलाही ऐकू आलं.

एक काम राहिलंय. सिनेमात ४० हर्ट्झला हॉल अजून घुमतो, कारण सबवूफर कोपऱ्यात आहे. तो तीन फूट सरकवायला हवा. त्यासाठी लांब तार आणून ठेवलीय, पण तंबोऱ्याची जागा बदलावी लागेल, आणि त्याला काका अजून तयार नाहीत.